खोकला छातीत, तपासणी घामाची?

प्रश्न : माझ्या भाचीचा आठ महिन्यांचा मुलगा सारखा खोकतो, अंगही धरत नाही. पापा घेतला की खारट लागतो, असं त्याची आजी म्हणते. डॉक्टरांना ‘सिस्टिक फायब्रोसिस’ची शंका आहे, म्हणून त्यांनी घामातलं क्लोराइड तपासायला सांगितलंय. या दोन्हींचा संबंध काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आजीबाईंचं निरीक्षण डॉक्टरांना जरूर सांगा, ते कामाचं आहे.

मिठातलं क्लोराइड पेशीच्या आवरणातून सहजी जात नाही. त्याच्यासाठी सीएफटीआर नावाच्या प्रथिनाची वाट असते. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात हीच वाट बिघडलेली असते. पेशीचा इशारा आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) मिळालं की ती उघडते. पण क्लोराइड आत जाणार की बाहेर, हे ती ठरवत नाही. ते दोन्ही बाजूंच्या ओढीवर ठरतं. मी शिकवायचो तेव्हा पोरं नेमकी इथेच अडायची.

श्वासनलिकेतली पेशी रक्ताच्या बाजूने क्लोराइड आत ओढून साठवते. मग ते सीएफटीआरमधून बाहेर पडतं, मागोमाग सोडियम आणि पाणीही. म्हणून कफ ओला राहतो. वाट बंद असली की तो डिंकासारखा चिकटून बसतो.

घामाच्या ग्रंथीत सगळं उलटं. तळाशी घाम जवळपास रक्ताइतकाच खारट असतो. वर येताना नलिकेच्या पेशी त्यातलं सोडियम खेचून घेतात, क्लोराइड सीएफटीआरमधून आत येतं, आणि पाणी मात्र मागेच राहतं. त्यामुळे कातडीवर येतो तो बराच अळणी घाम. वाट बंद, तर क्लोराइड घामातच अडकतं आणि सोडियमलाही अडवून धरतं. नलिकेतली ही अडचण १९८३ मध्ये दाखवली पॉल क्विंटन या अमेरिकी संशोधकाने. त्याला स्वतःलाच हा आजार! सीएफटीआरचं जनुक सापडलं पुढे १९८९ मध्ये.

तपासणीत सुई नसते. सौम्य विद्युतप्रवाहाने पिलोकार्पिन हे औषध हाताच्या कातडीत सोडतात आणि साधारण अर्धा तास घाम गोळा करतात. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजार असण्याची दाट शक्यता. ३० च्या खाली आलं तर फारशी नाही. मधलाच आकडा आला तर जनुकतपासणी करावी लागते.

आदल्या दिवसापासून बाळाला तेल-मालिश नको, क्रीमही नको. दूध मात्र पोटभर पाजून न्या.