पेकन पायच्या कुकीज आणि वाहून जाणारं सारण

प्रश्न: ताई नमस्कार. माझी भाची टेक्सासला असते, दिवाळीत आली तेव्हा पेकनचं, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्यामेव्याचं, मोठं पाकीट घेऊन आली आणि तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला करतात तो पेकन पाय (मैद्याच्या पारीत गोड सारण भरून भाजतात तो) कसला भारी लागतो हे तासभर सांगून गेली. आमच्याकडे पायचं भांडं नाही, खाणारी माणसंही चारच, म्हणून म्हटलं त्याच्या कुकीज करू, मधे खळगा करून त्यात तेच सारण. पायच्या रेसिपीतलंच सारण घेतलं, अंडी, साखर, सिरप, बटर सगळं फेटून कच्चंच खळग्यात ओतलं. कुकीज झाल्या पंधरा मिनिटांत पण सारण पातळच, अर्धं ट्रेवर वाहून बटर पेपरला चिकटलं. पुढच्या वेळी जास्त वेळ ठेवल्या तर खालून करपल्या आणि सारण दाताला चिकटेल इतकं कडक. नेमकं काय चुकतंय? आणि सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांना चालतील अशा होतील का? — एक वाचक, खारघर

उत्तर: अहो, पाय ओव्हनमध्ये किती वेळ असतो बघा ना. अख्खा पेकन पाय 175 डिग्रीला पाऊण ते एक तास भाजतात, कारण ते सारण म्हणजे अंड्यावर घट्ट होणारं गोड कस्टर्डच, आणि साखर इतकी असली की अंडं बसायला नेहमीपेक्षा जास्त गरमी लागते. तुमची कुकी पंधरा मिनिटांत तयार. मग सारण शिजणार कधी? त्याच्यासाठी थांबलात तर मैदा करपणार आणि सारणाच्या कडा कडक होणार, म्हणजे दोन्हीकडून गेलं. म्हणून कुकीत भरायचं सारण आधी गॅसवर शिजवून घ्यायचं आणि ओव्हनमध्ये ते फक्त चिकटण्यापुरतं जायचं. असं केलं की अंड्याची गरजच उरत नाही, सासूबाईंचा प्रश्नही तिथेच मिटला.

आता प्रमाण. जाड बुडाच्या कढईत 25 ग्रॅम बटर, 60 ग्रॅम ब्राउन शुगर, 3 टेबलस्पून फ्रेश क्रीम आणि 1 टेबलस्पून लिक्विड ग्लुकोज. तिकडच्या रेसिपीत कॉर्न सिरप असतं, त्याच्या जागी हे, केकचं सामान मिळतं त्या दुकानात डबीत मिळतं, हात ओला करून काढा नाहीतर बोटांना चिकटून बसेल. हे वगळू नका बरं का, याने पाकाची साखर होत नाही, आपण पाकात लिंबू पिळतो ना तेच काम. (अमेरिकेत कारो नावाचं कॉर्न सिरप 1902 मध्ये बाजारात आलं आणि 1930 च्या दशकात कंपनीने या पायची रेसिपी जोरात खपवली, म्हणून तिकडे सिरपाशिवाय हा पाय कोणाला सुचतच नाही.)

मंद आचेवर ढवळत राहा. आधी मोठे फेसाळ बुडबुडे येतात, मग ते लहान आणि जड होतात, आवाजही बदलतो, फसफस कमी होऊन फदफद सुरू होते, तेव्हा लक्ष द्यायचं. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाका, बोटांनी गोळा करता आला आणि दाबला की चपटा झाला, म्हणजे मऊ गोळीचा पाक, थर्मामीटर असेल तर 112 ते 115 डिग्री. झालं, लगेच गॅस बंद! इथून पुढे दोन मिनिटं फोनवर बोलत राहिलात तर चिक्कीचाच पाक होईल. मग 80 ग्रॅम भाजून जाडसर चिरलेले पेकन आणि थोडा व्हॅनिला घाला. मीठ चिमूटभर, पण आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरलं असेल तर मीठ अजिबात नको.

कुकीचं पीठ सोपं आहे, 50 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम मैदा. बटर आणि साखर फेटून मैदा मिसळायचा, मळायचं नाही, नुसतं गोळा व्हायला हवं. आपल्याकडच्या हवेत हे पीठ हातातच वितळतं त्यामुळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच. साधारण 18 गोळे होतील, अंगठ्याने खळगा करा, कडा चिरल्या तर बोटाने सारख्या करा, नाहीतर सारण तिथूनच पळतं. 170 डिग्रीला आधी रिकाम्याच 10 मिनिटं भाजा, खळगा फुगून वर येतो तो चमच्याच्या मागच्या बाजूने परत दाबा, मग एकेक छोटा चमचा सारण भरा आणि आणखी 5-6 मिनिटं. काठोकाठ भरायचा मोह होतो, करू नका, सारण उरलं तर दुसऱ्या दिवशी टोस्टवर संपतं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं ट्रेला हात लावू नका, गरम असताना मऊच असतात.

प्रश्न: पेकन इकडे फार महाग पडतात, ठाण्यात सगळीकडे मिळतही नाहीत. अक्रोड किंवा काजू घातले तर? आणि ब्राउन शुगरऐवजी गूळ? — एक वाचक, नौपाडा

उत्तर: अक्रोड घाला बिनधास्त, पेकन आणि अक्रोड एकाच कुळातले आहेत. फक्त अक्रोडाची साल कडवट असते, म्हणून 150 डिग्रीला 7-8 मिनिटं भाजायचे आणि गरम असतानाच जाड फडक्यात चोळायचे, जेवढी साल निघेल तेवढी काढायची, सगळी निघत नाही. काजूने सारण गोडमिट्ट लागतं, माझं मत विचाराल तर नको. शेंगदाणे चवीला छानच लागतील पण मग पेकन पायचं नाव कशाला घ्यायचं. जांभळी नाक्यावर अक्रोड घेताना एक तोडून चावून बघा, पेकन काय, अक्रोड काय, तेल भरपूर असतं त्यामुळे लवकर खवट होतात आणि खवट दाणा कितीही भाजला तरी खवटच राहतो. वाशीच्या मसाला मार्केटमधून एकदम किलोभर आणणाऱ्यांनी घट्ट डब्यात घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका.

गूळ चालतो. पण गुळाबरोबर क्रीम उकळलं तर फाटू शकतं, गुळाच्या खिरीचा अनुभव असेलच तुम्हाला. त्यामुळे क्रीम काढून टाका, 60 ग्रॅम गूळ 2 चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या आणि मग बटर, ग्लुकोज घालून वरच्यासारखंच गोळीपर्यंत आणा. साधा गूळ घ्यायचा, चिक्कीचा नाही, तो नावाप्रमाणे कडकच होतो. रंग जास्त गडद येतो, चव थोडी वेगळी, मला तर जास्त आवडते, टेक्सासवाल्यांना काय वाटेल माहीत नाही! त्यांचं तर राज्यवृक्षही पेकन, 1919 पासून, आणि 2013 मध्ये पेकन पायला राज्याचा अधिकृत पाय करून टाकलंय त्यांनी.

प्रश्न: डब्यात ठेवल्या की दोन दिवसांत चिकट होतात, एकमेकींना चिकटून बसतात. आमचं घर खाडीच्या जवळ आहे, त्यामुळे असेल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर: हो, दमट हवा आहेच, आणि साखरेचं सारण हवेतलं पाणी ओढून घेतं. आधी पूर्ण गार होऊ द्या, कोमट असताना झाकण लावलं तर आत घाम धरतो. मग थेट एकावर एक न ठेवता थर करा, दोन थरांच्या मधे बटर पेपर. पाहुण्यांसाठी करायच्या असतील तर रिकाम्या कुकीज पूर्ण भाजून, म्हणजे 14-15 मिनिटं, हवाबंद डब्यात ठेवा, आठवडाभर खुसखुशीत राहतात, आणि सारण वेगळं फ्रीजमध्ये. आयत्या वेळी सारण मंद आचेवर सैल करायचं, भरायचं, वाढायचं, परत ओव्हनमध्ये घालायची गरज नाही. पावसाळ्यात तर असंच करा.

प्रश्न: ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) नाही, कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे. चालेल? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: चालेल, पण कन्व्हेक्शन मोडवरच, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर कुकीज होत नाहीत. आत पंखा असतो म्हणून 160 डिग्री ठेवा आणि नीट प्रीहीट करा. ट्रे फिरायला अडकत असेल तर लहान घ्या, एका वेळी सहा-सातच कुकीज बसतील, तोवर बाकीचं पीठ फ्रीजमध्येच राहू द्या.