तुळशीला वाहिलेलं ताजं कुंकू

“ताई, हिला काहीही दाखवा, ही नकोच म्हणते,” खुर्चीत बसायच्या आधीच तो म्हणाला. ती काही न बोलता खिडकीबाहेर बघत होती.

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच जोडप्यांच्या भांडणाच्या मुळाशी हल्ली जागा असते. या दोघांची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलून.

पेडणे तालुक्यातला साडेतीनशे चौरस मीटरचा प्लॉट होता. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि त्या भागात “आज नाही घेतलं तर जन्मात मिळणार नाही” हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. एजंटला शुक्रवारपर्यंत दोन लाख टोकन हवं होतं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, असंही तो सांगून गेला होता. बारा वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी भावाकडे पाहुण्यासारखं बसणाऱ्या माणसाला हे ऐकून झोप लागेल कशी? त्याची घाई मला समजत होती. तिचा नकार मात्र अजून समजायचा होता.

मी तिला विचारलं, “नको असं पहिल्यांदा कधी वाटलं?”

“जागा बघायला गेलो तेव्हाच.”

“काय दिसलं?”

थोडा वेळ गेला. “कोपऱ्यात एक मातीचं घर आहे. एजंट म्हणाला, रिकामं पडलंय, पाडून टाकू. पण दारातल्या तुळशीला ताजं कुंकू वाहिलेलं होतं.”

तो चमकला. “हे मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? मी नको म्हटलं की तुम्हाला वाटतं, माझा तुमच्यावर विश्वास नाही.”

खरं दुखणं इथे होतं. शंका जमिनीबद्दलची, ती लागत होती त्याच्या कर्तेपणाला.

जागा घ्या किंवा घेऊ नका, हे मी कुणालाच सांगत नाही. मी एवढंच मागितलं की आठ दिवस कुणालाही एक रुपया द्यायचा नाही आणि या आठ दिवसांत तिच्या प्रत्येक ‘पण’चं उत्तर दोघांनी मिळून कागदात शोधायचं. एजंटने दिलेली झेरॉक्स धरायची नाही. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकला की एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) मिळतो, तो ताजा काढायचा आणि वकिलाकडे न्यायचा. नुसत्या उताऱ्याने मालकी सिद्ध होत नाही, पण कुठे बोट ठेवून प्रश्न विचारायचा ते कळतं. सनद म्हणजे घर बांधण्यासाठी जमीन बिगरशेती केल्याचा कागद आहे का, आराखड्यात झोन कुठला, हेही वकील बघतो.

आठवड्याने दोघं आली. उतारा त्याच्याच हातात होता आणि बोट ‘इतर हक्कां’च्या रकान्यावर. तिथे मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव होतं. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला असं घराबाहेर काढता येत नाही, उलट घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याचा. दुसरी गोष्ट वकिलाने सांगितली. जमीन वडिलोपार्जित, विकणारा एकटा भाऊ, बहीण मडगावला दिलेली. गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणजे बहिणीची सही हवी, मेहुण्याचीही हवी. त्या दोघांना या व्यवहाराचा पत्ताच नव्हता.

हाच कायदा मी यांच्याकडे वळवला. “उद्या तुम्ही जे घ्याल त्यात अर्धा वाटा हिचाही. मग हिचं ‘नको’ म्हणजे आडकाठी कशी? ते अर्ध्या मालकिणीचं मत आहे.” तो बराच वेळ गप्प होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षांत असं कुणी तिच्या बाजूने बोललं नसावं, असं मला वाटलं.

एजंटला त्यांनी नकार कळवला. नंतर काही दिवस तो उदास होता, “भाव अजून चढले” म्हणायचा. त्या उदासीला मी घाईने उत्तर दिलं नाही. स्वप्न सोडलं की दुखणारच.

परवा दोघं बांदोड्याला नव्या इमारतीतला फ्लॅट बघून आली. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचा, नियम तिने आधीच वाचून ठेवला होता. तो मला म्हणाला, “ताई, आधी ही सगळ्या खोल्या फिरून आली. मग मी किंमत विचारली.”