वाचक विचारतात : विहिरीतला बिबट्या लांब नेऊन का सोडत नाहीत?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मध्यंतरी आमच्या वाडीतल्या विहिरीत बिबट्या पडला. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा खाली सोडून त्याला वर काढलं, डॉक्टरांनी तपासलं आणि इथल्याच रानात सोडून दिलं. आम्ही सांगत होतो, न्या चांदोलीच्या जंगलात, एकदाची ब्याद टळेल. कोणी ऐकलं नाही. माझी लेक एम.एस्सी. करते. ती म्हणते, हा सगळा विद्या अथ्रेय यांच्या संशोधनाचा परिणाम. या कोण? आणि कुणी पेपर लिहिला म्हणून आमच्या गोठ्याचा निकाल लागायचा का?
— एक आंबा बागायतदार, लांजा तालुका

उत्तर : लेक बरोबर सांगते, फक्त पेपर एक नाही, त्यांची रांग आहे. ती सुरू झाली जुन्नरच्या उसात.

तुम्ही जे मागताय तेच तिथे २००१ च्या सुमारास करून झालं होतं. वस्तीजवळचे २९ बिबटे धरून सरासरी ३९.५ किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचा आणि नंतरचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पुढे २००३ पर्यंत ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. सोडलेल्या बिबट्यांच्या अंगात ओळखीची मायक्रोचिप बसवली होती, त्यामुळे पुन्हा सापडलेला बिबट्या कोणता ते कळलं. आणि जिथे नेऊन सोडले तिथे, पूर्वी माणसं दगावत नव्हती अशा गावांजवळही हल्ले होऊ लागले.

असं का होतं? बिबट्याला स्वतःचा इलाका पाठ असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं कधी झोपतात, सगळं. अनोळखी रानात सोडला की तो परतीची वाट धरतो आणि वाटेत नवी गावं लागतात. इकडे तुमच्याकडची जागा रिकामी राहत नाही, दुसरा तरणा बिबट्या येऊन बसतो. म्हणजे चांदोलीच्या कडेच्या गावांना ब्याद आणि तुम्हालाही ब्याद.

हा अभ्यास २०११ साली ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’मध्ये छापून आला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. धरून लांब सोडणं टाळा, हा त्यांचा रोख. तुमच्या विहिरीवर कोणी ऐकलं नाही ते यामुळे. लेकीचे मार्गदर्शक तिला इतर संशोधकांनी या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला ते मोजायला लावतील. मोजू द्या. मला विचाराल तर विहिरीच्या काठावर उभा वनरक्षक पिंजरा ट्रकमध्ये चढवत नाही, हे त्याहून मोठं माप.

दुसरं काम अकोले खोऱ्यातलं, २०१३ चं. झाडाझुडपांत कॅमेरे लावून, अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबटे ओळखले. राखीव जंगल नाही, शेतंच शेतं, आणि तरी १०० चौरस किलोमीटरला ४.८ बिबटे. ‘वाट चुकून गावात शिरला’ हे आपण वर्तमानपत्रात वाचतो ना, त्यातली हवा इथे गेली. तो तिथलाच रहिवासी होता. त्यांच्या विष्ठेवरून आहार काढला तर त्यात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कैक पट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळी रात्री आत असते आणि कुत्रं बाहेर.

आजोबा नावाच्या नराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००९ मध्ये तोही विहिरीतूनच निघाला, पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला. गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या सुमारे १२० किलोमीटर चालत, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत कुणा माणसाला नखही लावलं नाही. पुढे २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला.

आता माझं मत. जुन्नर-अकोल्याचे आकडे जसेच्या तसे लांज्याला लावू नयेत. आपल्याकडे ऊस नाही. कलमांच्या बागा, काजू, गच्च रान आणि विखुरलेल्या वाड्या आहेत. इलाक्याचा नियम मात्र तोच. आणि हेही सांगते, बिबट्या राहू द्या म्हणणाऱ्या बहुतेकांच्या दारात शेळी बांधलेली नसते. तुमचा राग खोटा नाही. शेळी गेली तर त्याच दिवशी वनखात्याला कळवा, १९२६ वर फोन करा, पंचनाम्याआधी मढं हलवू नका, नाहीतर भरपाई अडते. फासकी, म्हणजे तारेचा फास, मात्र कोणी लावत असेल तर थांबवा. अडकलेला, चवताळलेला बिबट्या सोडवताना माणसं फाटतात, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळा.

लेकीला या वाटेने जायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, दोन्हीकडचे वन्यजीवशास्त्राचे एम.एस्सी. अभ्यासक्रम तिने बघावेत. पालघर-ठाण्याकडे वारली लोकांच्या वाघोबाच्या, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाच्या, देवळ्यांवर अथ्रेय यांच्याच गटाने काम केलंय, २०२१ मध्ये ते छापून आलं. आपल्या बाजूच्या वाघजाई देवीवर असं काही झालेलं माझ्या वाचनात नाही. विषय हवा असेल तर तिला सांगा.

आणि विहीर. रात्री कुत्र्यामागे पळताना उघडी विहीर बिबट्याला दिसत नाही. कंबरेएवढा चिऱ्याचा कठडा पावसाआधी बांधून घ्या, गोठ्याला पक्कं दार लावा, आणि कोंबडीच्या दुकानाची घाण वाडीच्या कडेला टाकू देऊ नका. तिथे कुत्री जमतात.