दोन्हीकडे १६ कोअर आहेत ना, मग आधी रॅमच्या स्टिक मोजा

नाशिकच्या अंबडमधली फॅक्टरी, साठेक जणांचा ईआरपी (हिशोब, स्टॉक, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, त्यासाठी एकच सर्व्हर मशीन घ्यायचंय आणि हातात दोन कोटेशनं: एकात एएमडीचा एपिक ७३१३पी प्रोसेसर, दुसऱ्यात इंटेलचा झिऑन सिल्व्हर ४३१४, दोन्ही १६ कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग). परफॉर्मन्स, वीज आणि पैसे, तिन्ही बघता कुठला घ्यावा, हा तुमचा प्रश्न. पण माझी नजर गेली ती तुम्ही सहज लिहून टाकलेल्या एका वाक्यावर: ‘दोन्हीत रॅम १२८ जीबीच आहे, त्यामुळे तो मुद्दा नाही.’ अहो, मुद्दा तोच आहे. सातपूरला आमच्याकडे याच ‘१२८ जीबी’ने डोक्याला ताप दिला होता.

कागदावरचं पटकन उरकतो. एपिक मार्च २०२१ चा, झिऑन एप्रिल २०२१ चा, म्हणजे जोडी बरोबरीची. पुढचे आकडे आधी एपिकचे, मग झिऑनचे. बेस क्लॉक (नेहमीचा वेग) ३.० गिगाहर्ट्झ विरुद्ध २.४, बूस्ट (जोर लावल्यावरचा वेग) ३.७ विरुद्ध ३.४. एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) १२८ एमबी विरुद्ध २४. टीडीपी (विजेचा आणि उष्णतेचा ढोबळ आकडा) १५५ वॅट विरुद्ध १३५. आले तेव्हाची यादीतली किंमत ९१३ डॉलर आणि ६९४ डॉलर; आपल्याकडे कोटेशनमध्ये हा फरक कुठल्या कुठे विरघळतो ते तुम्ही बघताच आहात. ईआरपीत एकेकाची क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) बहुतेक वेळा एकदोन कोअरवरच धावते, त्यामुळे क्लॉक आणि कॅश दोन्ही एपिकच्या बाजूने. नुसता प्रोसेसर बघायचा तर एपिक.

आता रॅम. दोन्ही प्रोसेसरना मेमरीचे ८ चॅनल, म्हणजे रॅमकडे जायच्या ८ वाटा, आहेत. एपिकवर डीडीआर४ (रॅमचा प्रकार) ३२०० च्या वेगाने चालते, म्हणजे चॅनलमागे सेकंदाला २५.६ जीबी आणि आठही भरले तर २०४.८ जीबी. पण १२८ जीबी रॅम १६ जीबीच्या ८ स्टिक (रॅमच्या पट्ट्या) लावूनही होते आणि ६४ जीबीच्या २ लावूनही. दोनच लावल्या तर तुमच्या हाती सेकंदाला ५१.२ जीबी उरतात. चॅनल ८, चालू २. सिल्व्हर ४३१४ ची मेमरी २६६७ लाच थांबते, तरीही आठ स्टिक भरल्या तर तो सेकंदाला १७० जीबीच्या आसपास जातो. अर्धपोटी पैलवानापेक्षा पोटभर जेवलेला साधा गडी जास्त काम करतो, तसलाच प्रकार.

आमच्या सप्लायरने (नाव घेत नाही, धंदा त्यांचाही आहे) कोटेशनमध्ये १६ गुणिले ८ लिहिलं होतं. मग भाव करताना कोटेशन दोनदा बदललं आणि शेवटच्या प्रतीत नुसतंच ‘१२८ जीबी ईसीसी’ (ईसीसी म्हणजे चुका सुधारणारी रॅम) उरलं. एएमडीचं मशीन आलं, ईआरपी चढला. संध्याकाळचा एमआरपी रन (कुठला माल किती आणि कधी लागेल याचा हिशोब) एकटा चालला तर झकास, पण त्याच वेळी अकाउंट्सवाल्यांनी स्टॉक लेजर काढला आणि बॅकअप सुरू झाला की सगळंच रांगायला लागायचं. सीपीयूचा ग्राफ बघावा तर डिस्क निवांत, नेटवर्क निवांत, प्रोसेसर मात्र कामात दिसतोय. तो कामात नव्हताच, मेमरीची वाट बघत बसला होता. पण सीपीयू वापराच्या टक्केवारीत दोन्ही सारखंच दिसतं.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर: ‘डायग्नोस्टिक पास आहे, हार्डवेअरमध्ये दोष नाही, तिकीट बंद.’ पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. इंजिनिअर नाशिकरोडहून निघायचा आणि तासाभराने ‘द्वारका चौकात अडकलोय’ म्हणून फोन करायचा. आला की तेच डायग्नोस्टिक लावायचा. सगळ्यात कडेलोट म्हणजे त्यांच्या सेल्सवाल्याने आमच्या मालकांना परस्पर सांगून टाकलं, ‘तरी मी म्हणत होतो, इंटेल घ्या.’ झालं! त्यानंतर प्रिंटर अडकला तरी दोष एएमडीचा.

शेवटी सर्व्हरच्या मॅनेजमेंट कन्सोलमध्ये मेमरीचं पान उघडलं तर ए१ स्लॉटला ६४, बी१ ला ६४ आणि खाली ओळीने ‘रिकामा, रिकामा, रिकामा’. स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे, ‘पुढे वाढवायला जागा राहावी म्हणून मुद्दाम दोनच टाकल्या.’ आणि १२८ म्हणजे १२८च, पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) स्टिकची संख्या कुठे आहे? नव्हतीच. आठ स्टिकचे पैसे आम्हीच भरले. त्याच प्रोसेसरवर मग एमआरपी, लेजर आणि बॅकअप तिन्ही एका वेळी सुखाने चालायला लागले.

म्हणून दोन्ही सप्लायरकडून लेखी घ्या: स्टिक किती, कितीच्या, कुठल्या स्लॉटमध्ये आणि बोर्डवर एकूण स्लॉट किती. मशीन आलं की टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट भरलेत ते दिसतं. ते होस्टवर (खऱ्या मशीनवर) बघा, व्हीएमच्या (त्यावर चालणाऱ्या आभासी मशीनच्या) आत नाही. सेल्सवाले नेटवरचे बेंचमार्क दाखवतील, ते खोटे नसतात. पण बहुतेक चाचण्या आठही चॅनल भरून घेतलेल्या असतात, तुमच्या कोटेशनवर नाही. (सगळीच कामं मेमरीच्या वेगावर अडतात असं नाही. तुमचा डेटाबेस छोटा असेल तर फरक जाणवणारही नाही. मी हार्डवेअर विकत नाही, फक्त सोसलंय.)

विजेचं म्हणाल तर एका सर्व्हरसाठी त्यावर रात्र जागवू नका. टीडीपीतला २० वॅटचा फरक वर्षभर अखंड धरला तरी १७५ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरा, पावणेदोन हजार, वर एसीचं थोडं. रॅक भरून मशीन असतील तेव्हा हा हिशोब मोठा होतो. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये ती खोली किती तापते आणि मशीन शॉपमधलं तेलकट धुकं पंख्यात जातंय का, ते बघा.

खरा पैसा लायसन्समध्ये आहे. विंडोज सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, त्यामुळे १६ कोअर हा फुकटचा सुवर्णमध्य. कुणी ‘थोडेच जास्त आहेत’ म्हणत २४ कोअरचा एपिक ७४४३पी गळ्यात मारायला लागलं तर विंडोज आणि कोअरच्या संख्येवर घेतलेलं एसक्यूएल, दोन्हीचं बिल दीडपट होतं त्याचं काय, हे आधी त्याला विचारा. शिवाय एसक्यूएल २०२२ स्टँडर्ड आवृत्ती एका इन्स्टन्सला (एका चालू प्रतीला) बफर पूलसाठी (डेटा रॅममध्ये धरून ठेवायला) १२८ जीबीच्या पुढे जात नाही.

इंटेलच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा: तुमचा जुना झिऑन सर्व्हर तुम्ही स्टँडबायला ठेवणार म्हणता. चालू व्हीएम इंटेलवरून एएमडीवर किंवा उलट हलवता येत नाही, बंद करून पलीकडे सुरू करावं लागतं. तेवढं चालत असेल तर ठीक. चोवीस तास डिस्पॅच असेल तर विचार करा.

माझं मत: आठ स्टिकसह ७३१३पी मिळत असेल तर तोच. त्या भावात दोनच स्टिक देत असतील तर आठ स्टिकचा ४३१४ घ्या आणि निर्धास्त राहा. ‘पी’ म्हणजे एकाच सॉकेटचा, पुढे दुसरा प्रोसेसर बसणार नाही, हेही मालकांना आत्ताच सांगून ठेवा. आणि कुणी सेकंडहँड एपिक स्वस्तात देतोय म्हणून भुलू नका. काही ब्रँडच्या सर्व्हरमध्ये एकदा बसलेला एपिक कायमचा त्या ब्रँडला लॉक होतो, दुसऱ्या ब्रँडच्या बोर्डवर चालूच होत नाही.

सुधारित कोटेशनं आली की किमती झाकून इथे टाका, बघून सांगतो.