कार्तिकीला ठाण्याहून आळंदीला पायी जायचंय, हायवे टाळून एखादा शांत रस्ता आहे का?

राम कृष्ण हरी माऊली. तुम्ही लिहिलंय की गावच्या दिंडीबरोबर दोनदा जाऊन आलात, पण पनवेल सोडलं की जुन्या मुंबई-पुणे हायवेवर ट्रेलर-डंपर अगदी खांद्याला घासून जातात, हॉर्नमध्ये अभंगसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून दुसरा रस्ता पाहिजे. रस्ता आहे. सलग नाहीये, तुकड्यातुकड्यात आहे, आणि तो मी स्वतः चाललोय म्हणून सविस्तर सांगतो.

मी कळव्याचा, खारीगावातला. आमच्याकडे आषाढीपेक्षा आळंदीच्या कार्तिकीला पायी जाणारे जास्त, घरटी एक तरी माणूस असतोच. दोन वर्षांपूर्वी कामशेतच्या अलीकडे पहाटे पाचच्या अंधारात एका टेम्पोने आमच्या दिंडीतल्या एका काकूंना मागून धक्का दिला. हात मोडला, डोक्यावरची तुळस रस्त्यावर पडून फुटली. टेम्पो थांबला पण नाही. काकू हाताचं काही बोलत नव्हत्या, तुळशीची माती ओंजळीत गोळा करत होत्या, ते बघून मी ठरवलं की पुढच्या वर्षी हायवे जितका चुकवता येईल तितका चुकवायचा.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, त्रास गर्दीचा नाहीये, गाड्यांचा आहे. दिंडी सोडू नका. फक्त दोन तुकडे बाजूने काढा, चौक ते लोणावळा आणि कामशेत ते देहू, बाकी सगळं दिंडीबरोबरच चाला. सामान दिंडीच्या टेम्पोत टाकायचं आणि विणेकरी बुवांना आधी सांगून निघायचं, म्हणजे मागे कोणी शोधत बसत नाही.

पहिला दिवस ठाणे ते पनवेल, इथे शांतता वगैरे विसरा. पण ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने चालण्यापेक्षा ऐरोलीपासून आतल्या सेक्टरच्या रस्त्यांनी घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ करत बेलापूर गाठा, फूटपाथ मिळतो आणि पाणी, टॉयलेट, चहा सगळं मिळतं. खारघरच्या पुढे हार्बर लाईन धरून मानसरोवर, खांदेश्वर, नवीन पनवेल असं गेलं की कळंबोली सर्कल टळतं. ते चालत क्रॉस करणं म्हणजे जिवावरचं काम आहे. महापे-शीळफाट्याकडून कोणी शॉर्टकट सांगितला तर अजिबात जाऊ नका, सगळी कंटेनरची वाट आहे.

दुसऱ्या दिवशी पनवेल ते चौक हायवेच, त्याला इलाज नाही. उजेड झाल्यावरच निघा आणि चार-पाच जणच असाल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. दिंड्या डाव्या बाजूने चालतात म्हणून गाडी पाठीमागून येते आणि कळतच नाही. रिफ्लेक्टरची जॅकेटं पण घ्या, स्वस्त मिळतात. चौकला दिंडी सरळ खोपोलीकडे जाते, तिथून आपण डावीकडे कर्जतचा रस्ता धरायचा. गाड्या याही रस्त्याला असतात पण बऱ्याच कमी, आणि आजूबाजूला भातकापणी होऊन गेलेली असते, खाचरं मोकळी, पेंढ्याचा वास. मुक्काम कर्जतला.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर. कर्जतहून कोंडिवडे, तीनेक तास डांबरी, मग कोंढाणे लेणी, मग जंगलातून चढून राजमाची. ही वाट नवीन नाही हो. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्या काळी याच बोरघाटाच्या अंगाने देशावर चढायचा आणि त्यावर नजर ठेवायला राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन किल्ले. कोंढाणेची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, चैत्याच्या सावलीत बसून आम्ही हरिपाठ म्हटला, पाच जणांचा आवाज पण असा घुमला की बराच वेळ कोणी उठेना. मागच्या दोन दिवसांत टाळ एवढे स्वच्छ ऐकू आलेच नव्हते.

चढ मात्र खडा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर नको, त्यांनी दिंडीबरोबर खोपोलीहून घाट चढावा. कोंडिवड्यातून माणशी तीन लिटर पाणी घेऊनच निघा. नोव्हेंबरात वाळलेल्या पाल्यावरून पाय घसरतो, चप्पल चालणार नाही, आणि सहाच्या सुमारास अंधार पडतो म्हणून दुपारी बारापर्यंत लेणी सोडलेली बरी. वाटेला फाटे आहेत, पहिल्यांदा जात असाल तर कोंडिवड्यातलाच एखादा माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या, त्याला चार पैसे मिळतात आणि आपण निर्धास्त.

वर राजमाचीच्या उधेवाडी गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते. आम्ही जिथे राहिलो त्या घरातल्या आजींनी पिठलं-भाकरी वाढताना विचारलं कुठे निघालात, आळंदी म्हटल्यावर आत गेल्या आणि नव्या भाताचे मूठभर तांदूळ फडक्यात बांधून आणले, म्हणाल्या मला काय आता डोंगर उतरून जायला जमत नाही, हे माऊलीच्या अन्नात टाका. ते तांदूळ मी बॅगेत नाही ठेवले, शर्टाच्या खिशात ठेवले, आणि आळंदीत एका धर्मशाळेत पंगतीचा भात शिजत होता त्यात नेऊन टाकले.

राजमाचीहून लोणावळा पंधराएक किलोमीटर, रुंद कच्ची वाट, चुकायची भीती नाही. शनिवार-रविवार आला तर बाईकवाल्यांची धूळ खावी लागते, जमलं तर मधला वार बघा. पुढे कार्ल्याला वेहेरगावात एकवीरा आईचं दर्शन. आपल्या आगरी-कोळ्यांना हे सांगायला नको, दिंड्या पण तिथे वळतातच, तिथे आपली माणसं परत भेटतात आणि पहिला प्रश्न पाय कसे आहेत.

दुसरा तुकडा कामशेतच्या पुढे. कान्हे फाट्यावरून टाकवेकडे आत शिरायचं, आंदर मावळातून नवलाख उंबरे आणि तिथून इंदोरी. फेरा पडतो थोडा, एमआयडीसीचा भाग लागतो तेवढा रुक्ष आहे, बाकी गावं, शेतं, आणि कोणी ना कोणी चहाला थांबवतंच. एक सांगून ठेवतो, पूर्वी काही जण कुंडमळ्याच्या लोखंडी पुलावरून इंद्रायणी ओलांडून इंदोरीत यायचे. तो पूल १५ जून २०२५ ला कोसळला आणि माणसं गेली त्यात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून त्या बाजूला जाऊ नका.

इंदोरीच्या पुढे भंडारा डोंगर, तुकोबा चिंतनाला जायचे तो. सुदुंबरेही वाकडी वाट करून नक्की करा, तिथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे, ज्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. हायवेने जाणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही आणि मला त्याचंच वाईट वाटतं, एवढं चालायचं आणि बघायचं काय तर टोलनाका.

देहू ते आळंदी शेवटचा टप्पा दिंडीतच चाला. वाहनं आणि गर्दी दोन्ही असतात पण तिथे शांत रस्ता शोधू नका, सगळीकडून दिंड्या येऊन मिळत असतात आणि इंद्रायणी दिसली की बायका फुगड्या धरतात, ते सोडून आडवाटेने कशाला जायचं. शांत बसायचं असेल तर आळंदीत पोचल्यावर सकाळी लवकर सिद्धबेटावर जा.

हातात आठ-नऊ दिवस असतील तर अजून एक लांबची वाट आहे, कल्याण, मुरबाड, वैशाखरे, नाणेघाट चढून जुन्नर. घाटात सातवाहनांचा लेख आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण बघायला मिळतो. मग ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी, आळ्याला माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी, पुढे नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण. मी यातला नाणेघाट ते आळे एवढाच भाग चाललोय. आळेफाट्यापासून पुणे-नाशिक हायवे लागतो, तिथे परत तीच गाड्यांची कटकट, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी राजमाचीच सांगेन.

दिवसांचा हिशोब असा ठेवा, हायवेपेक्षा एक दिवस जास्त लागतो. कार्तिक वद्य चतुर्थीला ठाण्याहून निघालात तर दशमीला आळंदीत पोचता, एकादशीची परिक्रमा मिळते आणि त्रयोदशीच्या समाधी सोहळ्यापर्यंत पाय पण सुटतात. चार-पाच जण तरी व्हा, एकट्याने जंगलातली वाट करू नका. तुमच्या दिंडीत पालखी किंवा रथ असेल तर तो राजमाचीने चढत नाही, त्यामुळे वीणा आणि पालखीची सेवा ज्यांच्याकडे आहे त्यांना यात ओढू नका, त्यांच्यासाठी मागेपुढे लाल झेंडा आणि बॅटरी घेऊन दोन तरुण पोरं ठेवा आणि पहाटेचं चालणं उजाडल्यावर सुरू करा म्हणून बुवांकडे आग्रह धरा. आमच्या बुवांनी यंदा ऐकलंय, काकडा झाल्यावर चहा आणि मगच प्रस्थान. काकू पण येतायत, नवीन तुळस लावलीय त्यांनी.