मातीविना वाफा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उंच वाफ्यात नुसतं कोकोपीट भरून टोमॅटो लावले. महिनाभर झकास वाढले, आता खालची पानं पिवळी पडताहेत. पाणी वाढवू का?

नको. झाडं तहानलेली नाहीत, उपाशी आहेत. कोकोपीट म्हणजे काथ्या काढताना उरलेला भुगा. तो पाणी भरपूर धरतो, पण त्यात नत्र जवळपास नसतंच. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो.

आता वरून दोन बोटं गांडूळखत पसरा आणि आठवड्याला एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्या. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे पुढे टोमॅटोचा बुडखा काळा पडू शकतो. त्यासाठी मधूनमधून कॅल्शियम नायट्रेट द्या. मात्र दोन्ही एकाच बादलीत कालवू नका. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की तळाशी साका बसतो आणि खत वाया जातं.

पुढच्या खेपेला दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि थोडं परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) घ्या. कोकोपीटच्या दाबलेल्या विटा भिजवून लगेच भरू नका, दोनतीन पाण्यांनी धुवा, कारण काहींमध्ये मीठ बरंच असतं. पाणी चहासारखं तांबूस येतं म्हणून घाबरू नका. रंग निराळा, क्षार निराळे. क्षार बघायचे तर ईसी मीटरच, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं यंत्रच हवं.

प्रश्न: निचऱ्यासाठी वाफ्याच्या तळाला खडी घालावी ना?

हा सल्ला इतक्या जणांनी दिलेला असतो की नाही म्हणायला जड जातं. पण नाही. घरातला जाड स्पंज ओला करून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. वाफ्यातही बारीक मिश्रणाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो. खाली खडी आली की तो थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडीची जागा मिश्रणाला द्या. वाफा थेट जमिनीवर असेल तर खालची माती काट्याने सैल केली की झालं.

वाफसा तपासायला बोटभर खोलीवरचं मिश्रण मुठीत दाबा. एकदोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी थांबवा. वरचा थर कोरडा दिसतो त्यावर जाऊ नका, कोकोपीट तिथेच फसवतं.

प्रश्न: सुताराकडचा ताजा लाकडाचा भुसा फुकट मिळतो. तो भरू?

मिश्रणात नको. तो कुजवणारे जिवाणू नत्र आधी स्वतःसाठी ओढतात. वर्षभर शेणखतासोबत कुजवा, मग वापरा. प्लायवूडचा असेल तर मुळीच घेऊ नका, त्यात डिंक असतो.

प्रश्न: दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच वाफ्याला किती माल लागेल?

६०० लिटर. पाच किलोची वीट फुगून साधारण ६५ ते ७० लिटर होते, म्हणजे निम्मं कोकोपीट धरलं तर चारपाच विटा. थोडं जास्तीचं ठेवा, मिश्रण पहिल्या काही पाण्यांतच खाली बसतं. नुसती पालेभाजी घेणार असाल तर १५ सेंटिमीटरही पुरे. मग हिशेबही निम्मा.