कोपरा सोडू नकोस, कॉलेजही सोडू नकोस

प्रश्न : सर, मी चोपडा तालुक्यातला, एफ.वाय.ला आहे. गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळायचो. कॉलेजात मला चढाईला लावलं आणि बहुतेक वेळ बसवूनच ठेवलं. ह्यूस्टनला असलेला मामेभाऊ सांगतो, तिथल्या जे. जे. वॉटने शिष्यवृत्ती सोडली, घरोघरी पिझ्झा पोचवले आणि पुढे अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोत्तम बचावपटू झाला. मीही कॉलेज सोडून वर्षभर नुसता सराव करू का? हल्ली उजवा घोटा संध्याकाळी सुजतो, पण मी सराव चुकवत नाही.

उत्तर : भाऊ, तुझं पत्र दोनदा वाचलं. अमळनेरच्या आसपासच्या गावांत मी बावीस वर्षं मुलांना कबड्डी शिकवली आणि त्याआधी स्वतः डावा कोपराच खेळलो. म्हणून मनापासून सांगतो.

मामेभाऊ खरं बोलला, पण त्याने गोष्ट अर्धीच सांगितली. वॉट विस्कॉन्सिन राज्यातला, अग्निशमन दलातल्या माणसाचा मुलगा. 2007 मध्ये सेंट्रल मिशिगन विद्यापीठाकडून तो टाइट एंड, म्हणजे आक्रमणाच्या बाजूला, खेळला. तिथे आपलं काही होणार नाही हे कळल्यावर त्याने शिष्यवृत्ती सोडली. पिझ्झा पोचवले, हेही खरं. पण त्याच काळात तो घराजवळच्या कॉलेजात शिकत होता आणि कुठल्या संघात जायचं हे त्याचं पक्कं होतं : विस्कॉन्सिन विद्यापीठ. तिथे शिष्यवृत्तीविना दाखल झाला, पहिलं वर्ष एकही सामना न खेळता सरावात मुख्य संघाच्या अंगावर धावून जाण्यात घालवलं, आणि बचावाच्या टोकाला, डिफेन्सिव्ह एंडला, उभा राहिला. त्याची खरी जागा ती होती. 2011 मध्ये व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ह्यूस्टन टेक्सन्स या संघाने त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली होती.

त्याचं काम तुला लगेच समजेल. समोरच्या संघाला 10 यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याने, चेंडू फेकायच्या आत त्याला मागेच लोळवायचं, याला म्हणतात सॅक. दोघांनी मिळून पाडला तर श्रेय अर्धं-अर्धं. म्हणून वॉटच्या नावावर 2012 मध्ये 20.5 सॅक आहेत आणि 2014 मध्ये पुन्हा तेवढेच. ही अर्ध्याची पद्धत मला फार न्यायाची वाटते. कोपऱ्याने घोटा धरून ठेवायचा आणि टाळ्या मात्र शेवटची धडक देणाऱ्याला, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

2012, 2014 आणि 2015, तीन वेळा तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. आणखी एक ऐक. जी टाइट एंडची जागा त्याने सोडली होती, तिथेच 2014 मध्ये संघाने त्याला अधूनमधून उभं केलं आणि त्याने तीन टचडाउन पकडले, म्हणजे समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू झेलून गुण मिळवले. तेव्हा चढाईचा सराव वाया जातो असं समजू नकोस. चढाई करणारा कुठे पाय टाकतो, हे स्वतः चढाई केल्याशिवाय कोपऱ्याला कळत नाही.

आता दुसरी बाजू. 2016 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. लवकर परतला, पाठ पुन्हा दुखावली, तीन सामन्यांत हंगाम संपला. 2017 मध्ये गुडघ्याखालचं हाड मोडलं. त्याच वर्षी हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं, तेव्हा 2 लाख डॉलरच्या आवाहनाने सुरुवात करून त्याने 3 कोटी 70 लाखांहून अधिक डॉलर जमवले. माणूस म्हणून मला तो तिथे सर्वांत मोठा वाटतो. 2018 मध्ये पूर्ण बरा होऊन आला आणि 16 सॅक केले. 2019 मध्ये छातीचा स्नायू फाटला. 2022 मध्ये हृदयाचे ठोके बिघडले, विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणावे लागले. त्या हंगामाअखेर, वयाच्या 33व्या वर्षी, 114.5 सॅकवर तो थांबला. सुपर बोल, म्हणजे तिथला हंगामाचा अंतिम सामना, एकदाही खेळायला मिळाला नाही.

तेव्हा कॉलेज सोडू नकोस. प्रशिक्षकांना एकटं गाठ आणि सांग, ‘सर, सराव सामन्यात मला दहा मिनिटं कोपऱ्यावर उभं करा.’ नाहीच ऐकलं तर वर्ष पूर्ण करून दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घे, पण तिथल्या संघाची चाचणी आधी देऊन ये. मधल्या काळात गावच्या संघात सकाळी खेळ. हातात काही नसताना केळीच्या बागेत वडिलांसोबत राबून संध्याकाळी सराव, हे वर्षभर निभत नाही. मी कितीतरी पोरं त्यात हरवलेली पाहिली आहेत.

आणि घोट्याचं. यात्रेतल्या एका स्पर्धेत माझा गुडघा मुरगळला होता. हळदीचा लेप लावून, फडकं आवळून मी अंतिम सामना खेळलो. आम्ही जिंकलो. तो गुडघा आजही पूर्ण वाकत नाही, पंगतीत मला पाटावर बसता येत नाही. तू या आठवड्यात जळगावला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना घोटा दाखव, आणि ते सांगतील तितके दिवस मैदानाच्या कडेला बसून फक्त चढाई करणाऱ्यांचे पाय बघ. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.